मेणाच्या नळकांड्यावरचा बंगाल : आर्नल्ड बाके यांची ध्वनिमुद्रणे

लोकगीतांचा अभ्यास हा संगीत किंवा साहित्याचा विषय, असे तुम्ही समजत असाल. पण जुने लोकगीत आपल्यापर्यंत पोहोचते ते कुठल्या तरी यंत्रातून, आणि यंत्र गाण्यात ढवळाढवळ करते. ती कशी, हे एका उदाहरणावरून पाहू.

आर्नल्ड बाके (१८९९–१९६३) हे डच अभ्यासक. १९२५ मध्ये ते शांतिनिकेतनात आले. रवींद्रनाथांची गाणी ते दिनेंद्रनाथ ठाकूर यांच्याकडे शिकले आणि हिंदुस्थानी संगीत भीमराव शास्त्री हसूरकर यांच्याकडे. (बंगालच्या संगीतातले हे मराठी नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही.) १९३१ ते १९३४ या दुसऱ्या मुक्कामात त्यांनी फोनोग्राफ बरोबर घेऊन बाउल, कीर्तन, संताळांची गाणी असे बरेच काही मुद्रित केले. पौष संक्रांतीला भरणाऱ्या केंदुलीच्या जत्रेतही ते गेले होते.

या फोनोग्राफला वीज लागत नाही. गायक कर्ण्यात तोंड घालून गातो, पडदा थरथरतो, पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर खाच कोरते. फिरवण्याचे काम किल्लीच्या स्प्रिंगचे. मायक्रोफोन नाही, अ‍ॅम्प्लिफायर नाही. गळ्यातून जी ऊर्जा निघाली तेवढ्यावरच सगळे चालते. म्हणून कर्ण्यासमोर एकटा खणखणीत आवाज चांगला उठतो. बाउलाच्या कमरेला बांधलेल्या डुग्गीचा खर्ज मात्र अशा नळकांड्यात फारसा उतरत नाही. ऐकणाऱ्याला वाटते, गाणे जवळजवळ तालवाद्याविनाच होते!

दुसरी अडचण वेळेची. एका नळकांड्यावर दोन ते चार मिनिटे मावतात. बाउल गाणे किंवा कीर्तन रंगायलाच त्याहून जास्त वेळ लागतो. तेव्हा आपल्या हाती येतो तो तुकडा. संग्रहातले गाणे आखूड आहे म्हणून गायकाचे गाणे आखूड होते, असा निष्कर्ष काढू नका.

तिसरी अडचण वेगाची, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी इथे थोडे थांबावे. मुद्रणाच्या वेळी यंत्र किती वेगाने फिरत होते हे ठाऊक नसेल, तर मूळ स्वर कळत नाही. दहा टक्के जास्त वेगाने वाजवा, म्हणजे प्रत्येक वारंवारता १.१ पट होईल, १२ × log₂(१.१) = सुमारे १.६५ अर्धस्वर. म्हणजे षड्ज कोमल ऋषभ ओलांडून शुद्ध ऋषभाच्या जवळ जातो, तालही घाईचा होतो. यावर बर्लिनच्या फोनोग्राम-आर्काइव्हची युक्ती साधी होती: मुद्रणाच्या आरंभी ठरावीक स्वराची शिट्टी फुंकायची. शिट्टी बरोबर लागेपर्यंत वेग जुळवा, मग गाणे ऐका. मेण प्रत्येक वाजवण्याला झिजते, म्हणून तिथे नळकांड्यावर तांब्याचा लेप चढवून साचा करत आणि साच्यातून नव्या प्रती काढत.

यंत्राची उणीव अशी गणिताने बरीचशी भरून निघते. नोंदवहीतली उणीव तशी निघत नाही. बाके यांच्या काही मुद्रणांत आवाज आहे, गाणाऱ्याचे नाव नाही. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांशी तुलना करा. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि गाणारीचे नाव, तिचे गाव ही त्या संग्रहातली महत्त्वाची माहिती मानली गेली. माझ्या मते हा फरक ध्वनीच्या दर्जापेक्षा मोठा आहे.

बाके यांची नळकांडी परदेशी संग्रहांत गेली. त्यांचे विद्यार्थी नझीर जैराझभॉय यांनी १९८२ मध्ये पुण्यात वांशिक संगीतशास्त्राचे अभिलेखागार सुरू केले, ते पुढे दिल्लीकडे हलले. परदेशात साठलेले भारतीय संगीत प्रतींच्या रूपाने इथे उपलब्ध करणे हा त्याचा एक हेतू होता.

कोलकात्यात गायिका-लेखिका मौशुमी भौमिक आणि ध्वनिमुद्रक सुकांत मजुमदार यांनी २००३ पासून ‘द ट्रॅव्हलिंग आर्काइव्ह’ उभे केले. मौशुमींनी जादवपूर विद्यापीठात बाके यांच्या बंगालमधल्या मुद्रणांवर संशोधन केले. त्यांची पद्धत अशी: जुना आवाज घेऊन तो जिथे मुद्रित झाला त्या परिसरात जायचे, लोकांना ऐकवायचे, कोणाला काय आठवते ते टिपायचे. कोणी शब्द ओळखतो, कोणी चाल. कधी कोणीच काही ओळखत नाही, तेही टिपायचे.