सही होती, संमती होती का?

ब्रिटनमधील बँका आणि वित्तसंस्थांनी २०११ ते २०१९ या काळात आपल्याच ग्राहकांना सुमारे ३८ अब्ज पौंड परत केले. आजच्या विनिमय दराने ही रक्कम चार लाख कोटी रुपयांच्या वर जाते. यामागे कोणती बँक बुडाल्याची किंवा कोणी अधिकारी पैसे घेऊन पळाल्याची घटना नव्हती. कर्जासोबत विकलेला, ग्राहकाला नीट न समजावलेला आणि पुष्कळदा त्याच्या काहीच उपयोगाचा नसलेला विमा, एवढेच या परतफेडीचे मूळ होते. भारतात कर्जाला विमा जोडून देण्याची पद्धत आज सर्वत्र रूढ झालेली असल्यामुळे, ब्रिटनने हे पैसे कोणत्या तत्त्वावर परत करायला लावले हे आपण समजून घेणे अगत्याचे आहे.

या विम्याचे नाव ‘पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स’, संक्षेपाने पीपीआय. आजारपण, अपघात किंवा बेकारी ओढवल्यास कर्जाचे हप्ते विमा कंपनी भरेल, ही त्यामागची कल्पना. कल्पनेत गैर काही नव्हते, विक्रीत होते. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या, म्हणजे ‘नोकरी जाणे’ ही अटच ज्यांना लागू होणे अवघड, अशांनाही तो विकला गेला. आधीपासून असलेल्या आजारांना संरक्षण नाही, हे आजारी माणसाला सांगितले गेले नाही. विमा घेतल्याशिवाय कर्ज मंजूर होणार नाही, असे काहींना भासवले गेले. काहींच्या कर्जात तो त्यांच्या नकळत मिळवला गेला. अनेक प्रकरणांत संपूर्ण प्रीमियम एकरकमी आकारून मूळ कर्जातच मिसळला जाई आणि त्यावर कर्जाच्या दराने व्याज चढे. मुख्यतः १९९० ते २०१० या दोन दशकांत अशा सुमारे ६ कोटी ४० लाख पॉलिसी विकल्या गेल्या.

‘सिटिझन्स ॲडव्हाइस’ या ग्राहकांना सल्ला देणाऱ्या संस्थेने २००५ मध्ये याविरुद्ध अधिकृत तक्रार गुदरली. पुढे स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि कर्ज देताना त्याच बैठकीत हा विमा विकण्यास मनाई करण्याचा उपाय २००९ मध्ये निश्चित केला. परंतु खरी लढाई झाली ती जुन्या कर्जांवरून. ऑगस्ट २०१० मध्ये तेथील वित्तीय नियामकाने बँकांना बजावले की, आलेल्या तक्रारी न्याय्य रीतीने निकाली काढणे पुरेसे नाही. तक्रारींतून विक्रीपद्धतीतील दोष दिसत असेल तर ज्यांनी तक्रार केलेलीच नाही अशा ग्राहकांचाही विचार बँकेने स्वतःहून केला पाहिजे. बँकांच्या संघटनेने याला न्यायालयात आव्हान दिले. आजचे नियम कालच्या व्यवहारांना लावणे म्हणजे पूर्वलक्षी कायदा करणे होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. एप्रिल २०११ मध्ये उच्च न्यायालयाने तो फेटाळला. ग्राहकाला न्याय्य वागणूक देण्याचे तत्त्व विक्रीच्या दिवशीही अस्तित्वात होतेच. तपशीलवार नियम नव्हते म्हणून ते तत्त्व निलंबित झाले नव्हते, हा त्या निकालाचा गाभा. बँकांनी अपील केले नाही. मेमध्ये एका मोठ्या बँकसमूहाने भरपाईसाठी ३.२ अब्ज पौंडांची तरतूद जाहीर केली आणि परतफेडीचे दार उघडले. भरलेला प्रीमियम, त्यावर आकारलेले व्याज आणि शिवाय वार्षिक ८ टक्के सरळ व्याज, असे भरपाईचे सर्वसाधारण सूत्र होते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. एका विधवा प्राध्यापिकेने २००६ मध्ये ३४ हजार पौंडांचे कर्ज घेतले होते आणि त्यासोबत ५,७८० पौंडांचा विमा. त्या प्रीमियमपैकी ७१.८ टक्के रक्कम दलाली म्हणून मध्यस्थ आणि कर्जदात्या संस्थेकडे गेली होती, आणि हे तिला कोणीही सांगितले नव्हते. एवढी दलाली दडवून ठेवणे हेच धनको-ऋणको संबंध अन्याय्य ठरवण्यास पुरेसे आहे, असे न्यायालयाने म्हटले. अखेरीस २९ ऑगस्ट २०१९ ही दावे करण्याची शेवटची तारीख ठरली आणि नियामकाने त्याआधी दोन वर्षे तिची देशभर जाहिरात केली.

आता आपल्याकडे पाहू. गृहकर्ज, वाहनकर्ज, वैयक्तिक कर्ज, अगदी बचतगटाच्या सूक्ष्म कर्जालाही आज जीवन विमा किंवा आरोग्य विमा जोडला जातो. कर्ता माणूस अकाली गेला तर कुटुंबाच्या डोक्यावरचे छप्पर जाऊ नये, हा हेतू मोलाचा आहे, आणि अशा विम्यामुळे घर वाचलेली कुटुंबेही आहेत. म्हणून विम्यावर आक्षेप नाही. तो कोणासाठी, किती काळासाठी, कोणत्या किमतीला आणि कोणाच्या इच्छेने घेतला गेला, हे प्रश्न आहेत.

माझ्या कार्यालयात पूर्वी वाहनचालक असलेल्या एका गृहस्थांनी निवृत्तीच्या उंबरठ्यावर आपल्या घरकर्जाचा खातेउतारा मला दाखवला. २०१७ मध्ये त्यांनी १२ लाख रुपये मागितले होते. खाते मात्र १२ लाख ४६ हजारांनी उघडले गेले होते. वरचे ४६ हजार कसले, असे विचारल्यावर ते म्हणाले, “साहेब, फाईल पास व्हायला तेवढे लागतात म्हणाले.” ते ४६ हजार एकरकमी विम्याचा प्रीमियम होते. कर्ज १५ वर्षांचे आणि विमा ५ वर्षांचा. ९ टक्के दराने या ४६ हजारांवर महिन्याला सुमारे ४६७ रुपये हप्ता बसतो. १५ वर्षांत ते जवळपास ८४ हजार होतात. संरक्षण २०२२ मध्येच संपले, त्याची किंमत मात्र २०३२ पर्यंत फेडायची आहे. बँकेचे नाव येथे महत्त्वाचे नाही, तिचे उत्तर महत्त्वाचे आहे: अर्जावर आपली सही आहे.

हे उत्तर जिल्ह्याजिल्ह्यांत दिले जाते, कारण कर्जाच्या दारात उभा असलेला माणूस सहीच्या वेळी नाही म्हणण्याच्या स्थितीत नसतो. जिल्हाधिकारी या नात्याने मी जिल्हा सल्लागार समितीच्या बैठकांचे अध्यक्षपद सांभाळले आहे. अग्रणी बँकेचे व्यवस्थापक तक्ते मांडत: पतआराखड्याचे उद्दिष्ट किती, वाटप किती, थकबाकी किती. मंजूर रकमेपैकी कर्जदाराच्या हाती प्रत्यक्षात किती पडली आणि उरलेली कोठे गेली, असा रकाना त्या तक्त्यांत नसे. जे मोजले जात नाही ते शासनाला दिसत नाही.

भारतात नियमच नाहीत, असे मात्र कोणी म्हणू नये. बँकेच्या ग्राहकाचा विम्यातील सहभाग पूर्णतः ऐच्छिक असावा, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक जुना आहे. २०१४ च्या ग्राहक हक्क सनदेत न्याय्य वागणुकीचा, पारदर्शकतेचा आणि ‘ग्राहकाला अनुरूप’ उत्पादन मिळण्याचा हक्क नोंदवलेला आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसोबत मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक झाले असून, बँकेमार्फत वसूल होणारा विम्याचा खर्च त्यात वेगळा दाखवून कर्जाच्या वार्षिक खर्चदरात धरावा लागतो. विमा नियामकाने २०२४ मध्ये पॉलिसी परत करण्याची मुदत ३० दिवसांची केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्रीय अर्थमंत्र्यांनीही, अशा विक्रीमुळे ग्राहकाचा कर्जाचा खर्च वाढतो, असे बँकांना जाहीरपणे सुनावले होते.

तरीही एक मोठी फट उरते. हे सारे उपाय उद्याच्या कर्जदारासाठी आहेत, किंवा ज्याला वेळेत कळले त्याच्यासाठी. ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. सबळ कारण असल्यास विलंब माफ होऊ शकतो, पण ते कारण ग्राहकाने सिद्ध करायचे. दिवाणी दाव्याची सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची. फसवणूक असेल तर ती उघडकीस आल्यापासून मोजता येते, पण त्यासाठी वकील उभा करण्याची ऐपत हवी. ब्रिटनमध्ये लोकपालाकडे जाताना व्यवहारापासून सहा वर्षे किंवा दोष ध्यानात आल्यापासून तीन वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल ती मोजली जाते. वीस वर्षांच्या कर्जातला दोष बहुधा मुदतपूर्व फेडीच्या वेळी किंवा घरात मृत्यू झाल्यावर उघड होतो. अशा व्यवहाराला दोन वर्षांचे घड्याळ लावणे हे दार उघडण्यापूर्वीच कुलूप घालण्यासारखे आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे दख्खनचे दंगे आठवल्याशिवाय राहत नाहीत. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि उठाव नगर जिल्ह्यापर्यंत पसरला. त्यांना प्रामुख्याने हवी होती ती कर्जखते. ती हिसकावून जाळण्यात आली. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यातला मजकूर आपला नाही, त्या कागदाविरुद्धचा तो रोष होता. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा केला. त्याचे मर्म असे की, न्यायाधीशाने केवळ खतावर विसंबू नये. व्यवहाराच्या आरंभापर्यंत जाऊन मूळ रक्कम किती, व्याज किती, भरणा किती हे तपासावे. सावकाराने पावती द्यावी, हिशेब द्यावा, असेही त्यात होते. कायद्यात पळवाटाही निघाल्या. कर्जखताऐवजी विक्रीखत लिहून घेण्याची चाल सावकारांनी काढली. पण कागदाच्या मागे जाऊन पाहण्याचा अधिकार, हे तत्त्व आपल्या भूमीत तेव्हाच रुजले. ब्रिटिश न्यायालयाने २०११ मध्ये जे मान्य केले, ते आपल्याला परके नाही.

म्हणून माझे म्हणणे असे: रिझर्व्ह बँकेने बँका व वित्तसंस्थांना जुन्या कर्जखात्यांची फेरतपासणी करण्याचा आदेश द्यावा. बँकिंग नियमन कायद्याच्या ३५ अ कलमाखाली बँकांना निर्देश देण्याचा अधिकार तिच्याकडे आहे. हे पूर्वलक्षी ठरेल, हा आक्षेप टिकणारा नाही, कारण ऐच्छिकतेचा दंडक आणि २०१४ ची सनद त्या विक्रीच्या वेळी लागू होतीच. तपासणीचे निकषही कठीण नाहीत. प्रीमियम कर्जात मिसळला का? विम्याची मुदत कर्जाच्या मुदतीपेक्षा बरीच कमी आहे का? वय किंवा आजार यांमुळे दावा मुळातच नाकारला गेला असता का? कर्ज लवकर फिटल्यावर उरलेल्या काळाचा प्रीमियम परत दिला गेला का? या प्रश्नांची बरीचशी उत्तरे संगणकावरच्या नोंदींत आहेत.

एवढ्या खात्यांचा हिशेब अशक्य आहे, असे बँका म्हणतील. पण २०२० मधील हप्तेस्थगितीच्या काळातील व्याजावरचे व्याज केंद्र सरकारच्या योजनेनुसार दोन कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जदारांच्या खात्यांत कोणताही अर्ज न मागवता जमा झाले होते. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने, रक्कम हाती देण्यापूर्वीच्या काळाचे व्याज आकारणाऱ्या संस्थांना जादा वसुली परत करायला लावल्याचे परिपत्रकातच नमूद केले आहे. म्हणजे हिशेब करता येतो आणि पैसेही परत करता येतात.

सार्वजनिक बँकांवर बोजा पडेल, ही चिंता अधिक गंभीर आहे. तो बोजा शेवटी करदात्याचाच. पण ब्रिटनचा अनुभव येथे उलट बोलतो. २००५ मध्ये इशारा मिळाल्यावर सहा वर्षे टाळाटाळ झाली आणि मग रक्कम फुगत गेली. मधल्या काळात दावे चालवून देणाऱ्या कंपन्यांचे पीक आले. त्या भरपाईतला पाव हिस्सा किंवा त्याहून अधिक स्वतःकडे ठेवत. २०१८ मध्ये कायद्याने त्यांच्या शुल्कावर २० टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. लोकपालाकडे तक्रार निःशुल्क होती, तरी लाखो लोक दलालामार्फतच गेले. बँकेने स्वतःहून हिशेब केला असता तर दलालाला जागाच उरली नसती. भारतात उशीर झाला तर हीच साखळी उभी राहील, आणि तिचा भार सर्वांत कमी शिकलेल्या कर्जदारावर पडेल.

पुढच्या काळासाठीही दोन गोष्टी हव्यात. कर्ज आणि विमा यांच्या विक्रीत काही दिवसांचे सक्तीचे अंतर असावे, आणि प्रीमियम कर्जात मिसळण्यास बंदी असावी. बँकेला मिळणारी दलाली टक्क्यांत न सांगता रुपयांत, त्याच विवरणपत्रावर छापावी. चार हजारांतले किती आपल्या संरक्षणासाठी आणि किती विकणाऱ्यासाठी, हे कळल्यावर ग्राहक स्वतःच विचार करील.

तोवर कर्जदाराने आपले मंजुरीपत्र आणि खातेउतारा शेजारी ठेवून पाहावा. मागितलेली रक्कम आणि खात्यात नावे पडलेली रक्कम यांत फरक असेल, तर त्याचा खुलासा आणि विम्याचे प्रमाणपत्र बँकेकडे लेखी मागावे. कर्ज आधीच फेडले असेल, तर उरलेल्या मुदतीचा प्रीमियम पॉलिसीच्या अटींनुसार परत मिळू शकतो का, तेही विचारावे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते असमाधानकारक असले, तर बँकेच्या वर्तनाबद्दल रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि पॉलिसीबद्दल विमा लोकपालाकडे जाता येते. दोन्हीकडे शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. मात्र आधी बँकेकडे किंवा विमा कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, आणि तिच्या उत्तरानंतर ठरवून दिलेल्या मुदतीच्या आत लोकपालाकडे पोहोचले पाहिजे. जुन्या कर्जाबाबत मुदतीचा आक्षेप येईल. तेव्हा दोष आपल्याला कधी कळला, ती तारीख कागदावर असणे उपयोगी पडते.

एकट्यादुकट्या कर्जदाराने एवढे करावे, हे योग्यच. पण कोट्यवधी खात्यांचा प्रश्न असा एकेका अर्जाने सुटत नाही. दप्तर बँकांच्या ताब्यात आहे. ते उघडून पाहण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच टाकली पाहिजे.