हॅमॉकची टांगणी

हॅमॉक हा दोन आधारांच्या मध्ये टांगून झोपण्यासाठी किंवा बसण्यासाठी वापरला जाणारा कापडी अथवा जाळीदार झोळीचा प्रकार होय. जंगलातील मुक्कामात तो तंबूला पर्याय म्हणून वापरतात. ज्या पट्ट्यांनी व दोऱ्यांनी हॅमॉक झाडांना बांधला जातो, त्या व्यवस्थेस टांगणी म्हणतात. हॅमॉक सपाट राहावा म्हणून टांगणी घट्ट ओढण्याकडे नवख्यांचा कल असतो; प्रत्यक्षात पुरेसा झोल ठेवून बांधलेला हॅमॉक अधिक सुरक्षित आणि अधिक आरामदायी असतो.

इतिहास

हॅमॉकचा उगम अमेरिका खंडातील मूळ रहिवाशांकडे जातो. १४९२ मध्ये ख्रिस्तोफर कोलंबसला बहामा बेटांवर सुती जाळीचे हॅमॉक आढळले. कॅरिबियन बेटांवरील ताईनो भाषेतील शब्द स्पॅनिशमध्ये 'हामाका' या रूपाने रुजला आणि पुढे इंग्रजीत गेला. जहाजावरील अपुऱ्या जागेत सोयीचे असल्याने युरोपीय नाविकांनी हॅमॉक स्वीकारले. महाराष्ट्रात तान्ह्या बाळासाठी बांधली जाणारी कापडाची झोळीही टांगलेल्या शय्येचाच एक प्रकार आहे.

ताण आणि कोन

हॅमॉकमधील व्यक्तीचा भार दोन्ही बाजूंच्या टांगण्यांवर विभागला जातो. मात्र प्रत्येक टांगणीवरील ताण भाराच्या निम्माच असतो असे नाही. टांगणी तिरकी असल्याने तिच्या ताणाचा केवळ उभा घटक भार पेलतो, तर आडवा घटक दोन्ही झाडांना एकमेकांकडे ओढतो. टांगणी जितकी आडवी, तितका हा उभा घटक लहान होतो आणि तोच भार पेलण्यासाठी एकूण ताण वाढतो. दोन्ही बाजूंचा कोन समान असल्यास एका टांगणीवरील ताण, भारास कोनाच्या साइनच्या दुपटीने भागून मिळतो.

एकूण भार ७० किलो असल्यास, टांगणीने आडव्या रेषेशी केलेल्या कोनानुसार प्रत्येक बाजूवरील ताण पुढीलप्रमाणे असतो:

* ४५ अंश – सुमारे ५० किलो
* ३० अंश – ७० किलो
* २० अंश – सुमारे १०२ किलो
* १० अंश – सुमारे २०२ किलो
* ५ अंश – सुमारे ४०२ किलो

म्हणजेच ३० अंशांवर प्रत्येक टांगणीवर संपूर्ण भाराइतका ताण येतो, तर ५ अंशांवर तो भाराच्या जवळजवळ पावणेसहा पट होतो. अचानक बसल्याने किंवा झोके घेतल्याने तो आणखी वाढतो. या कारणांमुळे ३० अंशांचा कोन सर्वसाधारणपणे योग्य मानला जातो.

बांधण्याची पद्धत

आधारासाठी जिवंत, जाड बुंध्याची दोन झाडे निवडतात. शेवग्यासारखी ठिसूळ लाकडाची झाडे आणि वर वाळलेल्या फांद्या असलेली झाडे टाळावीत. बारीक दोरी सालीत रुतून झाडाला इजा करते, म्हणून बुंध्याभोवती सुमारे २.५ सें.मी. किंवा त्याहून रुंद पट्टा गुंडाळतात. नायलॉनचा पट्टा भाराखाली व ओलाव्याने लांबतो. त्यामुळे पॉलिएस्टरचा पट्टा अधिक पसंत केला जातो.

कोन मोजण्यासाठी हाताचा उपयोग होतो. तर्जनी आडवी व अंगठा सरळ उभा धरल्यास, दोन्ही बोटांची टोके जोडणारी काल्पनिक रेषा तर्जनीशी साधारण ३० अंशांचा कोन करते. टांगणी या रेषेला समांतर असावी. झाडांमधील अंतर वाढल्यास पट्टे वर बांधावे लागतात. कोन व हॅमॉकची उंची तीच ठेवायची असल्यास अंतरातील प्रत्येक १ मीटर वाढीमागे दोन्ही पट्टे सुमारे २९ सें.मी. वर न्यावे लागतात. बसण्याची जागा भार पडल्यावर जमिनीपासून सुमारे ४५ सें.मी. उंचीवर राहील असे पाहावे.

हॅमॉकच्या दोन टोकांना जोडणाऱ्या ठरावीक लांबीच्या दोरीस कणादोरी म्हणता येईल. तिची लांबी सामान्यतः हॅमॉकच्या लांबीच्या सुमारे ८३ टक्के ठेवतात. झाडांमधील अंतर बदलले तरी तिच्यामुळे झोल जवळपास सारखाच राहतो. असा झोल असलेल्या हॅमॉकमध्ये मध्यरेषेशी तिरके झोपल्यास पाठ बऱ्याच अंशी सपाट राहते. घट्ट ओढलेल्या हॅमॉकमध्ये मात्र कापडाच्या कडा आवळून खांदे दाबले जातात आणि तिरके झोपणे कठीण होते.

सुरक्षितता

झाडाऐवजी खांब वा भिंत वापरताना आडव्या ओढीचा विचार आवश्यक असतो. ७० किलो भारासाठी ही ओढ ३० अंशांवर सुमारे ६१ किलो, तर १० अंशांवर सुमारे १९८ किलो असते. विटांचे खांब वरून येणारा भार पेलत असले, तरी अशी ओढ सहन करतीलच असे नाही. हॅमॉक बांधलेला विटांचा खांब अंगावर कोसळून मृत्यू झाल्याच्या घटना अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे घडल्या आहेत. प्रत्येक वापरापूर्वी गाठी, पट्टे व कड्या तपासाव्यात, प्रथम हाताने हळूहळू भार देऊन पाहावे आणि हॅमॉकखाली दगड वा खुंट नसल्याची खात्री करावी.