बिलाचीही बोलणी करावी

मजुरीचा दर ठरवावयाचा तर मालकासमोर बसून बोलावे लागते, हे आज कोणाही कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. परंतु तोच कामगार संध्याकाळी घरी येतो, केबलचे बिल पाहतो, इंटरनेटचा दर वाढल्याचा निरोप मोबाइलवर वाचतो आणि निमूटपणे पैसे भरून मोकळा होतो. पगार घासाघीस करून ठरवावयाचा आणि बिल मात्र पंचांगातल्या ग्रहणासारखे आले की सोसावयाचे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ही समजूत टाकून द्यावी, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे. ज्या रुपयासाठी कारखान्याच्या दारात सभा घ्यावी लागते, तोच रुपया महिन्याच्या बिलातून परत जात असेल, तर त्याचा हिशेब मागणे हेही चळवळीचेच काम आहे.

बोलणी करण्याचा पहिला नियम असा की, समोरच्याच्या हाती काय आहे आणि काय नाही हे आधी ओळखावे. केबलच्या बिलात तीन रकमा असतात. पहिली, जाळे वापरण्याचा आकार. बिलावर तो एनसीएफ या नावाने दिसतो. दुसरी, पैसे देऊन घेतलेल्या वाहिन्यांची किंमत. तिसरी, या दोहोंच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी.

यांपैकी कराबद्दल घासाघीस करण्यात अर्थ नाही. वाहिनीची किंमत ती चालविणारी कंपनी ठरविते. तुमच्या गल्लीतला केबलवाला नव्हे. परंतु कोणती वाहिनी घ्यावयाची हे ठरविणे आपल्या हाती आहे. १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाला एकेक वाहिनी निवडून घेता येते. तरीही बहुतेक घरांत कोणीतरी बांधून दिलेला गठ्ठाच चालू असतो आणि त्यातल्या निम्म्या वाहिन्या कोणी कधी लावीतही नाही.

राहिला जाळ्याचा आकार. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, त्याला पूर्वी कमाल मर्यादा घातली होती. २०२० च्या सुधारणेनंतर २०० वाहिन्यांपर्यंत १३० रुपये आणि त्याहून अधिक वाहिन्यांना १६० रुपये, कर वेगळा, अशी ती होती. जुलै २०२४ मध्ये ही मर्यादा काढून टाकण्यात आली. आता प्रदेश पाहून, ग्राहकांचा वर्ग पाहून वेगवेगळा आकार घेण्यास कंपनी मोकळी आहे; मात्र तो तिने जाहीर केला पाहिजे. पुष्कळांनी याचा एकच अर्थ घेतला, की आता दर वाढणार. पण या गोष्टीला दुसरीही बाजू आहे. जेथे कायदा दर ठरवून देत नाही, तेथे दर बोलणीने ठरतो. बोलणी न करणाऱ्याचा दर मात्र समोरचा एकटाच ठरवितो.

इंटरनेटचे तर सरळच आहे. घरगुती ब्रॉडबँडचा दर सरकार ठरवीत नाही. तो बाजारात ठरतो. म्हणून तेथे आधी आपली गरज मोजावी. एका पडद्यावर स्वच्छ चित्रपट पाहण्यास सुमारे ५ एमबीपीएस वेग पुरतो. चार माणसांच्या घरात ५० चा वेग सहसा पुरेसा असता २०० चे पैसे भरणे म्हणजे दोन माणसांसाठी अख्खी एसटी ठरविण्यासारखे आहे.

उदाहरणादाखल एक बिल घेऊ. आकार १३० रुपये, वाहिन्या १७० रुपये, त्यावर कर ५४ रुपये; एकूण ३५४. न पाहिल्या जाणाऱ्या ६० रुपयांच्या वाहिन्या काढल्या आणि आकारात ३० रुपयांची सूट मिळविली, तर मूळ रक्कम २१० वर येते. रक्कम घटली की कर आपोआप घटतो. नवे बिल २४७ रुपये ८० पैसे. महिन्याला १०६ रुपये २० पैसे वाचले. हा आकडा लहान वाटेल. त्याच्याकडे आपण पुढे पुन्हा वळू.

आता प्रत्यक्ष बोलणी. गेल्या सहा महिन्यांची बिले समोर ठेवावी. दुसऱ्या कंपनीचा दर लेखी आणावा. त्यात कर, जोडणीचा खर्च आणि राऊटरची अनामत धरली आहे की नाही हे पाहावे. एका जाळ्याचा सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या जाळ्यावर सहसा चालत नाही, तेव्हा नव्या बॉक्सचा खर्चही मोजावा. मग ग्राहक सेवेला फोन करून जोडणी बंद करण्याविषयी बोलावयाचे आहे असे सांगावे. सूट देण्याचा अधिकार असलेला माणूस पुष्कळदा तेथेच भेटतो. गाऱ्हाणे सांगत बसू नये. एक आकडा मागावा आणि उत्तराची वाट पाहावी. सूट मिळाली तर ती किती महिन्यांपुरती आणि नंतरचा दर काय, हे लेखी घ्यावे. कारण पहिल्या काही महिन्यांचा स्वस्त दर पुढे गुपचूप चढतो. आणि सोडण्याची तयारी नसेल तर सोडण्याची धमकी देऊ नये. संपाची नोटीस संप करण्याची तयारी असणाऱ्यानेच द्यावी, हा आमच्या धंद्यातला जुना धडा येथेही खरा आहे.

एकट्याने बोलून काही रुपये सुटतील. खरे बळ एकत्र बोलण्यात आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून मागण्यांचा अर्ज केला आणि रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी पदरात पडली. ग्राहकांच्या बाबतीतही असे घडले आहे. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ बांधून महिन्याचे सामान एकत्र खरेदी करण्याची रीत रुजविली. मग चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीने एकत्र केबल का घेऊ नये? वरचेच १०६ रुपये २० पैसे चोवीस घरांनी वाचविले तर वर्षाला तीस हजारांहून अधिक रुपये होतात. एवढे गिऱ्हाईक एकदम जाईल म्हटल्यावर कंपनीचा अधिकारी आपणहून जिना चढून येतो. मात्र इमारतीत दोन कंपन्यांच्या तारा असू द्याव्या. काही सोसायट्यांची समिती एकाच कंपनीला आत येऊ देते. तेथे सभासदांच्या मागणीत दम राहत नाही.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. दाराशी बिल मागावयास येणारा पोरगा आणि पावसात खांबावर चढणारा लाइनमन हे आपले प्रतिपक्षी नव्हेत. २०१७ च्या नियमांत, दोघांमध्ये वेगळा करार ठरला नाही तर जाळ्याच्या आकारातले ५५ टक्के मोठ्या कंपनीला आणि ४५ टक्के स्थानिक केबलचालकाला, अशी वाटणी सांगितली आहे. या ४५ तूनच त्या माणसांचे पगार निघतात. म्हणून सूट मागावयाची ती कंपनीकडे, तिच्या वाट्यातून. आपले पन्नास रुपये वाचविण्यासाठी दुसऱ्याच्या मजुरीला कात्री लागत असेल, तर तिला आम्ही बचत म्हणणार नाही.

ठरलेला दर कंपनीने पाळला नाही तर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि दाद न लागल्यास कंपनीच्याच वरच्या अधिकाऱ्याकडे जावे. ट्राय एकेकाच्या तक्रारीचा निवाडा करीत नाही. परंतु राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक त्यासाठी आहे आणि त्यापुढे ग्राहक आयोगाची वाट मोकळी आहे.

श्रोतेहो, पुढचे बिल येईल तेव्हा ते भरण्यापूर्वी शेजाऱ्याचे दार ठोठवा आणि त्याचे बिल आपल्या बिलाशेजारी ठेवून पाहा. एकाच तारेवर, तेवढ्याच वाहिन्यांना, दोन घरांचे दोन दर निघाले तर बोलणीला आरंभ कोठून करावा हे आम्ही सांगण्याची गरज उरणार नाही.