दूरस्थ ग्रंथसंचयागारे : मागणीपासून ग्रंथप्राप्तीपर्यंत

विद्यापीठीय ग्रंथालयातील ग्रंथसंख्या सतत वाढत असते. इमारत मात्र तेवढीच राहते. अमेरिकेतील संशोधन ग्रंथालयांचा संग्रह साधारणपणे दर सोळा वर्षांनी दुप्पट होतो, असे प्रतिपादन वेस्लियन विद्यापीठाचे ग्रंथपाल फ्रीमाँट रायडर यांनी १९४४ मध्ये केले होते. त्यांचे गणित पुढे तंतोतंत उतरले नाही, परंतु त्यांनी वर्तविलेली जागेची अडचण खरी ठरली. त्यातूनच मुख्य ग्रंथालयापासून दूर, स्वस्त जमिनीवर ग्रंथांची साठवण करण्याची पद्धत रूढ झाली. अशा ठिकाणाहून वाचकाच्या हाती ग्रंथ कसा पोहोचतो आणि या व्यवस्थेत वाचकाला काय गमवावे लागते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

या पद्धतीचा नमुना हार्वर्ड विद्यापीठाने घालून दिला. मॅसॅच्युसेट्स राज्यातील साउथबरो येथे १९८६ मध्ये त्याचे संचयागार सुरू झाले. आपल्या परिचयाच्या ग्रंथालयात ग्रंथ विषयवार लावलेले असतात. येथे ते आकारमानानुसार लावले जातात. समान उंचीचे ग्रंथ आम्लरहित पुठ्ठ्याच्या उघड्या खोक्यांत दाटीने ठेवतात. त्यामुळे दोन फळ्यांमधील जागा वाया जात नाही. ग्रंथावर, खोक्यावर आणि फळीवर स्वतंत्र बारकोड असतो. अमुक ग्रंथ अमुक खोक्यात व ते खोके अमुक फळीवर, एवढीच नोंद संगणकात केली जाते. परिणामी शरीरविज्ञानाच्या ग्रंथाशेजारी व्याकरणाचा ग्रंथ निःशंकपणे नांदतो. बोधांकाला येथे स्थाननिश्चितीच्या दृष्टीने काहीच अर्थ उरत नाही.

वाचक तालिकेतून मागणी नोंदवितो. ती संचयागारात पोहोचली की स्थानांनुसार यादी तयार होते आणि कर्मचारी उद्वाहक यंत्रावर उभा राहून सुमारे ३० फूट उंचीच्या घोड्यांमधून ग्रंथ काढतो. बारकोड वाचून खातरजमा झाल्यावर ग्रंथ पेटीत जातो व ठरलेल्या वेळी सुटणाऱ्या गाडीने मुख्य ग्रंथालयाच्या देवघेव विभागात येतो. बहुधा दुसऱ्या कामाच्या दिवशी तो वाचकास मिळतो. केवळ एखादे प्रकरण वा लेख हवा असल्यास त्याची प्रतिमा संगणकावरून पाठविण्याची सोय अनेक ठिकाणी आहे. परत आलेला ग्रंथ पुन्हा आपल्या खोक्यात जातो. तेथे चूक झाली तर तो ग्रंथ हरवल्यातच जमा, कारण शेजारच्या ग्रंथांवरून त्याचा माग काढता येत नाही.

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाची कथा याहून रोचक आहे. १६१० मधील कराराने त्यास इंग्लंडमधील मुद्रित ग्रंथांची प्रत मिळू लागली आणि तेव्हापासून जागेची चणचण त्याच्या पाचवीलाच पुजली. काही ग्रंथ तर चेशायरमधील मिठाच्या खाणीत ठेवावे लागले होते. अखेर ऑक्टोबर २०१० मध्ये स्विंडनजवळ साउथ मार्स्टन येथे सुमारे २४६ किलोमीटर लांबीच्या फळ्यांचे संचयागार उघडले व ६० लाखांहून अधिक ग्रंथादी साहित्य तेथे हलविण्यात आले. शिकागो विद्यापीठाने मात्र वेगळी वाट धरली. २०११ मध्ये त्याने आवारातच काचेच्या घुमटाखाली भूमिगत संचयागार बांधले. तेथे यांत्रिक हात काही मिनिटांत खोके वर आणतात. खर्च मोठा, पण गाडीची वाट पाहणे नाही.

संचयागाराचा एक लाभ निर्विवाद आहे. हार्वर्ड नमुन्यात तापमान सुमारे १० अंश सेल्सिअस व सापेक्ष आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास राखली जाते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रचारात आलेल्या आम्लयुक्त लगदा-कागदाचे आयुष्य अशा हवेत कैक पटींनी वाढते. आपल्याकडील दमट तळघरांची आठवण झाल्यावाचून राहत नाही!

परंतु जे गमावले जाते ते थोडके नाही. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रीतील तिसऱ्या सूत्रानुसार ग्रंथाला वाचक मिळवून देणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य ठरते, आणि त्यासाठी त्यांनी मुक्तद्वार पद्धतीचा पुरस्कार केला. फळीपुढे उभे राहून शेजारचा, अनपेक्षित ग्रंथ हाती घेणे हा संशोधनाचाच भाग आहे. संचयागारात हे शक्य नाही. ज्याचे नाव ठाऊक आहे तोच ग्रंथ मागता येतो. तालिकेतील नोंद हेच एकमेव दार उरते.

मराठीच्या अभ्यासकांना या दाराची विशेष काळजी वाटावयास हवी. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने १९६२ पासून पी.एल. ४८० योजनेखाली भारतीय भाषांतील ग्रंथ खरेदी करून तेथील विद्यापीठांना पुरविले. त्यांत मराठी ग्रंथही होते. संचयागारासाठी ग्रंथ निवडताना कमी देवघेव हा प्रमुख निकष असतो, आणि या निकषावर परभाषेतील ग्रंथ आधी बाहेर पडतात हे उघड आहे. त्यांच्या जुन्या नोंदी बहुधा केवळ रोमन लिपीत, ग्रंथालयीन लिप्यंतराच्या नियमांनुसार केलेल्या आढळतात. त्या नियमांत ‘ज्ञ’ हे अक्षर ‘जे’ व ‘एन’ यांनी दर्शविले जाते. आपण महाराष्ट्रात मात्र ते ‘डी-एन-वाय’ असे लिहितो. साहजिकच ‘ज्ञानेश्वरी’चा शोध आपल्या सवयीच्या रोमन स्पेलिंगने घेणाऱ्यास ग्रंथ तेथे नाही असे वाटू शकते. फळीवर असता तर मुखपृष्ठावरील देवनागरी अक्षरांनी त्याला हाक मारली असती. खोक्यातील ग्रंथाला ती सोय नाही.

म्हणून परदेशी तालिकेत शोध घेताना शीर्षकाबरोबर ग्रंथकाराचे आडनाव, प्रकाशनवर्ष व विषयशीर्षक यांचाही आधार घ्यावा, लिप्यंतराचे पर्यायी रूप वापरून पाहावे आणि तरीही नोंद न सापडल्यास तेथील दक्षिण आशिया विभागाच्या ग्रंथपालास पत्र लिहावे. नव्या नोंदींत देवनागरी शीर्षक समांतर दिलेले असते. जुन्या नोंदींत ते भरण्याचे काम भाषा जाणणाऱ्या माणसाविना होत नाही, आणि अशी माणसे त्या ग्रंथालयांत फार थोडी आहेत.