लोकाश्रय, अनुदान आणि आपली झाडीपट्टी

दिवाळी सरली, धान कापून खळ्यावर आले, की आपल्या भागातील भिंती बोलू लागतात. आरमोरीच्या चौकात, पानठेल्यांवर, झाडांच्या बुंध्यांवर नाटकांची रंगीबेरंगी पोस्टरे झळकतात. या गावी मंडई, त्या गावी शंकरपट, आणि दोन्हीकडे रात्री नाटक! होळीपर्यंत हा हंगाम चालतो. या दिवसांत सकाळच्या पहिल्या तासाला आपल्यापैकी कितीजण डुलक्या घेतात, हे आमच्या प्राध्यापकांना सांगायला नकोच.

गेल्या हंगामात बाहेरगावचे एक पाहुणे आमच्याकडे आले होते. रात्रभर नाटक पाहून सकाळी चहा घेताना त्यांनी विचारले, "एवढा मोठा मांडव, एवढी माणसे, एवढा खर्च! सरकारचे अनुदान बरेच मिळत असेल?" बाबा हसले आणि म्हणाले, "अनुदान कसले, भाऊ? गावच नाटक करते अन् गावच पाहते." पाहुणे गप्प झाले, मला मात्र त्या उत्तराने विचारात पाडले. अनुदानाशिवाय कला जगत असेल, तर अनुदान हवे कशाला? आणि हवे असेल, तर ते कशासाठी हवे? या लेखात या दोन प्रश्नांचा थोडा विचार करावयाचा आहे.

राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे

कलेला आश्रय लागतो, ही गोष्ट जुनीच. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले, ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि हा आधार तुटला. भावे आपली मंडळी घेऊन बाहेर पडले आणि १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी धंदेवाईक रंगभूमीचा जन्म राजाचे साहाय्य बंद पडल्यामुळे झाला, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरू नये.

दुसरे उदाहरण ग्रंथांचे. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. इंग्रजी अमलातही हा खर्च कमी प्रमाणात चालू राहिला. पुढे लोकहितवादी आणि त्यांच्या विचारांच्या पुण्यातील मंडळींनी अशी मागणी केली, की या पैशाचा काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना बक्षीस म्हणून द्यावा. त्यातूनच १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. पैसा तोच, पण दान म्हणून दिला तेव्हा तो खाऊन संपला, आणि नेमक्या कामासाठी दिला तेव्हा मागे ग्रंथ उरला. अनुदानाचे सारे मर्म या एका फरकात आहे, असे मला वाटते.

राजे गेले, लोकशाही आली. इंग्लंडात १९४६ मध्ये आर्ट्स कौन्सिल स्थापन झाले. त्यामागे केन्ससारखा अर्थशास्त्रज्ञ होता. आपल्या देशात १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचे काम सुरू झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्येच साहित्य संस्कृती मंडळ आले आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष झाले. नवलेखकाच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची योजना याच मंडळाची. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीने साहाय्य मिळू लागले. १९८६ मध्ये नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र निघाले. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची राज्याची जुनी योजना आहे. २०२४ पासून हे मानधन दरमहा ५,००० रुपये झाले. तेव्हा अनुदान नाहीच, असे मुळीच नाही. प्रश्न आहे तो आपल्या गावापर्यंत ते कसे पोहोचते याचा.

गावाचा हिशेब

आधी आपल्या नाटकाचा हिशेब पाहू. वडशाला, म्हणजे देसाईगंजला, नाटक कंपन्यांची कार्यालये आहेत. गावातील मंडळ तेथे जाते, नाटक ठरवते, विसार देते. मांडव गावाचा, तिकीटविक्री गावाची. नफा झाला तर तो देवळाला, शाळेला, गावच्या एखाद्या कामाला. तोटा झाला तर मंडळाच्या पोरांनी आपल्या खिशातून भरावयाचा. घरोघरी लेकी-जावई, सोयरे-धायरे येतात. सोयरिकीही याच दिवसांत जुळतात. नाटक हा आपल्याकडे केवळ करमणुकीचा विषय नाही, तो गावाचा सण आहे, आणि सणाला कोणी अनुदान मागत नाही.

या व्यवस्थेचे बळ आहे तसा तिचा नाजूकपणाही आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना बंदी केली. पट बंद पडला, की पाहुणे कमी होतात. पाहुणे कमी झाले, की तिकिटे कमी खपतात. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना पुन्हा वाट मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने ती पक्की झाली. मधल्या काळात कोरोनाने हंगामच बुडवला. तरीही रंगभूमी उभी राहिली. २०२३ मध्ये आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा गावोगावच्या प्रेक्षकांना तो आपलाच सन्मान वाटला, आणि ते योग्यच होते. कारण त्यांना पोसले ते या प्रेक्षकांनीच.

ज्याला तिकीट नाही

मग सारे आलबेल आहे काय? तसे नाही. ज्या गोष्टीला तिकीट लागते ती गाव जगवते. ज्याला तिकीट नाही, तिचे काय?

माझे आजोबा दंडारीत गात. चोनका, ढोलकी, टाळ यांच्या साथीने रात्र जागवणारी ही दंडार नाटकाच्याही आधीची. त्यांची गाणी, बतावणीची बोलणी आणि कोणत्या प्रसंगी कोण कोठून येतो याच्या खुणा एका जाड वहीत लिहिलेल्या होत्या. आजोबा वारल्यावर ती वही पेटीत राहिली. दोन पावसाळ्यांनी पेटी उघडली, तेव्हा वाळवीने तिचा भुगा केला होता. आजोबांचे दोन जोडीदार अजून आहेत. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला अर्धेच आठवते. त्या वहीची नक्कल करून घ्यायला काय लागले असते? एक रजिस्टर आणि पंधरा दिवसांच्या संध्याकाळी. दोष कोणा सरकारचा नव्हता, आमचाच होता. पण असे काम करणे हे काम आहे, असे आम्हाला कोणी सांगितलेही नव्हते.

दंडार, खडी गंमत, जात्यावरची आणि रोवणीची गाणी यांसाठी तिकीट कोण काढणार? आपल्या झाडीबोलीचे शब्द डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी कष्टाने गोळा केले, कोश सिद्ध केला, म्हणून ते वाचले. अन्यथा तेही वहीच्याच वाटेने गेले असते. आपल्या तालुक्यात वैरागड आहे. तेथील हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख अकबराच्या काळच्या 'आइन-ए-अकबरी'त सापडतो. परंतु किल्ल्याविषयी गावातले म्हातारे काय सांगतात, हे कोणत्या वहीत आहे? लहान अनुदानाची खरी जागा येथे आहे.

गाडी अडते कोठे?

अनुदानाची रीत अशी असते. मागणारी संस्था नोंदलेली हवी. म्हणजे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली तिचा कागद हवा. बहुधा मागील काही वर्षांचे तपासलेले हिशेब हवेत, संस्थेच्या नावाचे बँक खाते हवे. पैसे अनेकदा हप्त्याने येतात. शेवटचा हप्ता काम पुरे होऊन उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे रास्तच आहे. पण दंडारीचे मंडळ म्हणजे पिंपळाच्या पारावर जमणारी पंधरा माणसे. त्यांच्यापाशी ना शिक्का, ना लेखापरीक्षक. हप्त्याची वाट पाहत पदरमोड करण्याची त्यांची ऐपतही नाही. परिणामी ज्याला कागद करता येतो त्याला अनुदान मिळते, आणि ज्याला गाणे येते तो बाहेरच राहतो.

आपल्याला काय करता येईल?

मित्रहो, गाणारा आणि कागद यांच्यामध्ये पूल बांधणे आपल्याला अशक्य नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून आहे. तिच्या शिबिरासाठी आपण दरवर्षी कोणत्या ना कोणत्या गावी जातो. त्या गावातील नोंदणीकृत वाचनालय अर्जदार होऊ शकते. गाणी उतरवून घेणे, मोबाइलवर आवाज मुद्रित करणे, शब्दांचे अर्थ विचारणे हे काम विद्यार्थ्यांचे, तपासणे प्राध्यापकांचे, एक प्रत वाचनालयात आणि एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवणे दोघांचे.

मी सहज हिशेब मांडून पाहिला. दहा गावे घेतली. दर गावी कलावंतांना मानधन २,००० रुपये, म्हणजे २०,०००. प्रवासाला दर गावी ५००, म्हणजे ५,०००. नकला, झेरॉक्स आणि एक छोटी पुस्तिका यांना १०,०००. एकूण ३५,००० रुपये. आजच्या भावाने एका रात्रीच्या नाटकाला एकेक गाव याहून अधिक मोजते! म्हणून माझी अशी सूचना आहे, की निम्मी रक्कम अनुदानातून मागावी आणि निम्मी नाटकमंडळांनी हंगामाच्या नफ्यातून काढावी. गावाचा पैसा गुंतला, की गावाचे लक्षही राहते. मानधनात मात्र काटछाट करू नये. म्हाताऱ्याचे गाणे फुकट घेऊन आपण पुस्तिकेवर स्वतःचे नाव छापावे, हे शोभणारे नाही.

आपल्याकडे धानाचे पऱ्हे टाकायला थोडेसे बियाणे पुरते. पुढे रोवणीला सारे गाव बांधीत उतरते. अनुदानाचे तेवढेच काम असावे : बियाण्याचे. रोवणी आपणच करावयाची. अनुदानावरच पीक उभे करू पाहू, तर अनुदान थांबताच ते वाळेल. आणि बियाणेच नसेल, तर रोवणारे हात नुसतेच बांधावर उभे राहतील.

आजोबांचे ते दोन जोडीदार अजून गावात आहेत. या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक नवे रजिस्टर घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. अनुदानाचा अर्ज होईल तेव्हा होईल. अर्धे आठवते, तेवढे तर लिहून घेऊ. आपल्या गावातही असे कोणी असतील. त्यांच्याकडे जाण्यासाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही.