दिमोनाचं पत्र : पेला भरायचा, पण सगळ्यांदेखत

पुरीम या ज्यू सणाला इथे इस्रायलमध्ये वाइन पिणं हे धर्मकर्तव्य आहे, असं मी फोनवर बोलून गेलो आणि भंडारदऱ्याहून लगेच उत्तर आलं, "मग आपल्या धरणावर ३१ डिसेंबरला दुसरं काय होतं?" या बोलण्यावर गावातले बरेच जण माना डोलावतील, म्हणून हे पत्र.

पुरीम अदार महिन्याच्या चौदाव्या तिथीला येतो, बहुतेकदा आपल्या होळीच्या आगेमागे. कोकणातले बेने इस्रायली ज्यू त्याला होळीचा सणच म्हणत. पर्शियात हामान नावाच्या वजिराने ज्यूंच्या कत्तलीचा घाट घातला आणि एस्तेर राणीने राजाला मद्याची मेजवानी देऊन तो उधळला, म्हणून हा पेला. तालमुद या ज्यू धर्मग्रंथात रावा नावाचे आचार्य सांगतात, हामानला शाप आणि एस्तेरच्या नातलग मर्दखयला आशीर्वाद यांतला फरक कळेनासा होईपर्यंत प्यावं. आपली मंडळी इथेच वाचन थांबवतील. पण लगेच पुढे गोष्ट येते : रब्बा आणि रब्बी झेरा हे दुसरे दोन आचार्य पुरीमला एकत्र बसले, नशेत रब्बाने झेराचा गळा कापला आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थना करून त्याला जिवंत केलं. पुढच्या वर्षी पुन्हा आमंत्रण गेलं, तर झेरा म्हणाला, चमत्कार काही दरवेळी होत नाही! दारूबंदीवर इतकं आटोपशीर भाषण मी आपल्या जिल्ह्यातही ऐकलेलं नाही, आणि दारूबंदीसाठी गाजलेलं राळेगणसिद्धी तर आपल्याच जिल्ह्यात.

पुढच्या शास्त्रकारांनी तोड काढली : नेहमीपेक्षा थोडी जास्त घ्या आणि झोपा, झोपेत फरक कोणाला कळतो?

एस्तेरच्या ग्रंथात देवाचं नाव एकदाही येत नाही. देव पडद्याआड राहून वाचवतो, आपल्या शहाणपणाने आपण वाचत नाही. म्हणून एक दिवस ते शहाणपण खुंटीला टांगायचं, असा भाव मला इथे सांगितला गेला. मात्र हे एकट्याने करायचं नाही. त्याच दिवशी निदान दोन गरिबांना दान आणि स्नेह्यांकडे खाऊ पोचवावाच लागतो. बाराव्या शतकातले मायमोनिडीस तर सांगून गेलेत की मेजवानीपेक्षा गरिबांवर जास्त खर्च करा. आपल्याकडच्या पार्टीत ही वर्गणी कोण काढतो?

शेजारच्या आजी मूळच्या अलिबागकडच्या, मराठी अजून खणखणीत. त्या म्हणाल्या, "वाइन कुठली रे तिथे? काळ्या मनुका भिजत घालायच्या, कुस्करायच्या, गाळायच्या. त्या शरबतावर किद्दूश, शब्बाथचा आशीर्वाद." शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे आजही आधी आशीर्वाद म्हटला जातो, मग पेला घरभर फिरतो. नातवंडंसुद्धा ओठ लावतात. कोणी कोणापासून लपत नाही.

मला हेवा वाटतो तो याचा. आपल्याकडे बाटली काळ्या पिशवीतून येते, गाडीच्या डिकीत उघडते आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत शिरते. बाप मुलापासून लपवतो, मुलगा बापापासून, आणि दोघं गावाला माहीत असतात. १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार सरकार पिण्याचा परवाना देतं, तोही आरोग्य राखण्यासाठी! २०२२च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन ठेवायचा निर्णय झाला तर केवढा गदारोळ उठला. नाशिकची द्राक्षं शेजारी, पण घरात समोर ठेवून एक पेला घ्यायची सोय नाही.

इथलंही सगळं सोवळं नाही. पुरीमला रस्त्यात झोकांड्या खाणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि त्यांना सावरणाऱ्यांचे वैतागलेले चेहरेही. झेराची गोष्ट त्यांनाही शाळेत शिकवली असणारच.

तेव्हा काजव्यांच्या मोसमात धरणाजवळच्या शेंडीला येणाऱ्या पाहुण्यांना माझा निरोप सांगा : प्यायचीच असेल तर घरी, आईवडिलांच्या पंगतीत बसून प्या. तेवढी छाती नसेल तर धरणावर नुसते काजवे बघा, आणि बाटल्या घरीच ठेवून या.