पेंढ्याचा कागद, तांदळाची खळ

तलासरीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: भातकापणी-झोडणीनंतर पेंढा भरपूर असतो, शाळेत त्याचा कागद करता येईल का? आणि त्याला डिंक किती लागेल?

कागद करता येईल. डिंक मात्र थेंबभरही लागत नाही, आणि गंमत इथेच आहे. पेंढ्यातले सेल्युलोजचे तंतू पाण्यात सुटे तरंगतात. जाळीवरून पाणी निथळते, आणि मागे राहिलेले पाणी आटता आटता शेजारशेजारच्या तंतूंना जवळ खेचते. ते पुरेसे जवळ आले, की त्यांच्यात हायड्रोजन बंध जुळतात. कागद उभा राहतो तो या बंधांवर.

तंतू जितका पिंजलेला, तितके बंध जास्त. म्हणून कागदाच्या कामात खरी मेहनत कुटण्याची. डहाणू-तलासरीकडच्या लोकांना हे समजायला सूक्ष्मदर्शक नको. वारली चित्रकार बांबूची काडी घेऊन तिचे टोक चावतात आणि काडीचा कुंचला होतो. ते टोक निरखून बघा: कडक बांबूतून केसासारख्या शिरा सुटलेल्या दिसतात. दातांखाली तंतूंचे जुडगे मोकळे होतात. उखळात मुसळाखाली एकेका तंतूलाही बारीक धागे सुटतात.

कृती साधी आहे. पेंढ्याच्या गाठी आणि पाती काढून दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करा, रात्रभर भिजवा. कोरड्या पेंढ्याच्या वजनाच्या एक पंचमांश धुण्याचा सोडा घालून उघड्यावर, चुलीवर दोन-तीन तास शिजवा. पातेले स्टीलचे घ्या, सोडा अॅल्युमिनियम खातो. कॉस्टिक सोडा मुलांच्या आसपासही नको. काडी चिमटीत ओढून सहज सुटली, की तंतूंना चिकटवून ठेवणारे लिग्निन सैल झाले. मग पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे, आणि कुटायचे. पेंढ्याचे तंतू आखूड असतात, म्हणून पहिल्या खेपेला जुन्या वह्यांच्या कागदाचा लगदा थोडा मिसळा. लगदा टबभर पाण्यात ढवळून जाळीची चौकट आडवी वर उचला, थर ओल्या सुती कापडावर पालथा करा, फळीखाली दाबा, उन्हात वाळवा.

हा कागद शाई पितो. त्यावर उपाय भाताचाच: तांदळाच्या पेजेची पातळ खळ. आपल्याकडचे जुने कागदी, म्हणजे कागद करणारे कारागीर, खळ लावून कागद गुळगुळीत दगडाने घोटत असत.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे वळतो. कागदाच्या इतिहासात चीनच्या त्साई लुनचे नाव सगळे घेतात, फ्रेंच रसायनज्ञ आन्सेल्म पायाँचे फारसे कुणी घेत नाही. 1833 मध्ये त्याने सहकारी पर्सोझसोबत माल्टमधून डायास्टेज हे स्टार्च फोडणारे विकर वेगळे केले. 1838 मध्ये त्याने निरनिराळ्या वनस्पतींवर आम्लांचा मारा करून मागे राहणारा चिवट पदार्थ तपासला आणि त्याचे घटक स्टार्चइतक्याच प्रमाणात भरले! तेच सेल्युलोज. म्हणजे पेंढा आणि दाणा, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. दाण्यात त्या वळसे घेतात. पेंढ्यात एकाआड एक ग्लुकोज उलटे बसते, त्यामुळे साखळी सरळ राहते आणि शेजारणीला घट्ट धरते. एवढ्याशा फरकापायी भात आपण खातो आणि पेंढा गाईला घालतो. तिच्याही पोटात तो फोडतात ते सूक्ष्मजीवच.

वर्गात हे दाखवता येते. निव्वळ पेंढ्याच्या, खळ न लावलेल्या कागदावर टिंक्चर आयोडिनचा थेंब टाका: तपकिरीच राहील. खळ लावलेल्यावर टाका: निळा-काळा होईल. (वहीचा लगदा मिसळला असेल तर फसगत होईल, कारखान्याच्या कागदात बहुधा स्टार्च असतोच.)

वारली चित्रांचा पांढरा रंगही तांदळाच्या पिठाचाच. 1970 च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींच्या प्रोत्साहनाने डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे भिंतीवरून कागदावर आले. पेंढ्याचा कागद, पेजेची खळ, पिठाचा रंग: एकाच रोपातून जवळजवळ पूर्ण चित्र होते, याचा मला फार आनंद वाटतो.

मात्र घरोघरी असा कागद केल्याने जंगल वाचेल, हा प्रचार खरा मानू नका. चार-दोन कागदांसाठी सरपण आणि बादल्याच्या बादल्या पाणी लागते. भाताच्या पेंढ्यात सिलिका फार. गिरण्यांतही सोडा परत मिळवताना ती आड येते. पुण्याच्या 1940 सालच्या हातकागद संस्थेनेही भर दिला तो सुती चिंध्यांवर, कारण कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. शिजवलेले काळे पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा शेतात ओतू नका; त्यातला सोडियम जमीन बिघडवतो.

तेव्हा बाई, शाळेत कागद जरूर करा, पण दिवाळीनंतर. तेव्हा पेंढा ताजा आणि ऊन कोरडे असते. पावसाळ्यात ओला कागद वाळण्याआधी बुरशी धरतो.